मखमलीवरची इस्त्री

यंदा पितृपक्षात मी इस्त्री घेतली.

घरातली जुनी बिघडली होती असं नाही. चांगली तापते. कधीकधी नको तितकी तापते, पण त्या बाबतीत मी तरी तिला नावं ठेवू नयेत. दुकानदार माझ्याच वयाचा असेल, तरी मला काका म्हणाला. खोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, पंधरवडा चाललाय. चार दिवस थांबा, घटस्थापनेला घ्या. तेव्हा सोबत काहीतरी भेटही मिळेल."

"मला पंधरवड्यातलीच हवी."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला परत पाठवणारे दुकानदार आमच्या पुण्यात पुष्कळ, पण काळजीपोटी परत पाठवणारा हा पहिलाच. "तुमची मर्जी," म्हणत त्याने खोकं बांधलं आणि पावती माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवली.

दर वर्षी या पंधरा दिवसांत मी एक तरी नवी वस्तू घेतो. गेल्या वर्षी चपला, त्याआधी छत्री, एका वर्षी तर अख्खा पलंग. शुभदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, आल्यागेल्याला सांगते, "सगळ्यांचे पितर गच्चीवर येतात, आमच्याकडचे बाजारात जातात." मी ऐकून घेतो. तीस वर्षांपूर्वीच्या एका पितृपक्षाशी माझं भांडण आहे आणि ते मला मिटवायचं नाही, हे तिला माहीत आहे.

तसा हा काळ कुणाचाच लाडका नाही. गणपती गेलेले असतात, देवी यायची असते. मांडवांचे खांब उपटून नेलेले आणि रस्त्यात त्यांचे खड्डे तेवढे उरलेले. टेकडीवरचा तेरडा वाळायला लागतो. पाऊस गेलाय की नुसता दडी मारून बसलाय ते कळत नाही, आणि ऊन मात्र आठवण झाल्यासारखं एकदम पाठीवर येऊन बसतं. गल्लीतून चालताना एका घरातून आमसुलाच्या चटणीचा वास, दुसऱ्यातून खिरीचा, तिसऱ्यातून कारल्याचा. कावळ्यांचा भाव वधारलेला. कापडाच्या दुकानांत गाद्यांवर माणसं नसतात, पंखा तेवढा फिरत असतो. सगळं शहर म्हणतं, आत्ता नको, नवीन काही नको, पंधरा दिवस जाऊ देत.

नेमक्या त्याच पंधरा दिवसांत आमच्या आत्याबाईंचा निकाल लागायचा होता.

आत्याबाई म्हणजे आमचं यंत्र. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक संशोधन संस्था होती, तिथे मी नव्यानेच लागलो होतो, अजून कायम व्हायचा होतो. यंत्राचं कागदोपत्री नाव इंग्रजीत दीड ओळ लांब होतं. आत्याबाई हे नाव मी ठेवलं, माझ्या सख्ख्या आत्यावरून. ती लग्नकार्यात दोन-दोन दिवस एक शब्द बोलायची नाही. मानपानातली एकेक चूक आत साठवत राहायची आणि वरात निघायच्या वेळी सगळं एका दमात बाहेर काढायची. यंत्राचंही तसंच. तेलाच्या हौदात ओळीने मांडलेले मोठाले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवायची भांडी, दीड-दोन मिनिटं गुपचूप भरत राहायची. मग सगळी एकदम एकामागे एक जोडली जायची आणि साठलेली सगळी वीज एका क्षणात बाहेर पडायची. क्षण हा शब्दही फार ऐसपैस झाला. डोळ्याची पापणी लवेपर्यंत तसे लाखो क्षण बसले असते. धाडकन आवाज व्हायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि अंगणातले कावळे उडायचे. हवेत तापलेल्या तेलाचा आणि वीज पडून गेल्यावर येतो तसा एक तिखट वास राहायचा. तो वास मला अजून कुठे आला तर मी ताठ उभा राहतो.

त्या धडाक्यात एका चकतीतून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटायचा. चकतीला कॅथोड म्हणत. ती एखाद्या मोठ्या पुरणपोळीएवढी होती. झोत पोकळीतून धावत जाऊन समोरच्या धातूच्या पत्र्यावर आदळायचा आणि तिथून क्ष-किरण निघायचे. त्या किरणांपुढे आम्ही इलेक्ट्रॉनिक पाट्या ठेवायचो, उपग्रहात बसवायच्या असतात त्या. वर आकाशात किरणांचा मारा असतो, तो या पाट्यांवरच्या पुर्ज्यांना सोसतो का ते खाली बघून घ्यायचं. अट एकच होती. पाटीवरच्या प्रत्येक पुर्ज्याला सारखाच मारा बसला पाहिजे, मधल्याला आणि कोपऱ्यातल्याला एकच.

"कोपऱ्यातल्याला निम्माच मार बसला आणि तो पास झाला, तर तो वर जाऊन नापास होणार," आगाशेबाई म्हणायच्या. "आणि वर दुरुस्तीला कोण जाणारे, तू?"

आगाशेबाई आमच्या गटाच्या प्रमुख. चणीने एवढ्याशा, सुती साडी गुडघ्याला लागेल इतकी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. आत्याबाईंची एकेक तार त्यांनी स्वतः ओढली होती. बारा वर्षं खर्ची पडली होती. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. लग्न केलेलं नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलंच तर म्हणायच्या, "घरात आत्याबाई आहेत, आणखी माणसं कशाला?" खोलीतल्या फळ्यावर त्यांनी एकच शब्द लिहून ठेवला होता, एकसारखं. बाकीचा फळा रोज पुसला जायचा, तो शब्द कुणी पुसत नसे.

हे एकसारखं काही केल्या जमत नव्हतं. इलेक्ट्रॉनांची गंमत अशी, की त्यांना एकमेकांचं तोंड बघवत नाही, पण पुष्कळ मिळून एकाच दिशेला पळायला लागले की त्यांच्याच ओढीने ते एकमेकांना चिकटतात. आमच्याकडच्या लग्नात ग्रुप फोटोच्या वेळी हेच होतं. वर्षभर न बोलणारे चुलते एकदम मध्ये घुसतात आणि कडेच्या खुर्च्या रिकाम्या. झोत जितका दांडगा तितका तो मध्ये गोळा व्हायचा. पत्र्याच्या मधोमध काळं भोक पडायचं आणि कडांना काही पत्ताच नसायचा.

त्यावर बाईंनी नळीभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळलं. त्यातून वीज सोडली की आत चुंबकाच्या रेघा तयार होतात आणि इलेक्ट्रॉन आपापली रेघ धरून सरळ जातात, शाळेतल्या रांगेसारखे. ते जमलं. झोत पसरून पुरणपोळीएवढा राहायला लागला. पण रांगेत कुणी कुणाच्यात मिसळत नाही, त्यामुळे चकतीवर जे असेल ते जसंच्या तसं पत्र्यावर उमटायला लागलं. चकती होती ग्रॅफाइटची, आणि ग्रॅफाइटमधून इलेक्ट्रॉन चार-दोन ठिकाणांहूनच भसाभसा सुटायचे. हे आम्हाला दिसायचं ते एका फिल्मवर. पातळ, काचेसारखी पारदर्शक फिल्म पत्र्यामागे लावायची. जिथे मारा बसेल तिथे ती निळी होते. जास्त मारा, जास्त निळं. आमच्या फिल्मवर देवी आल्यासारखे ठिपके.

माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. एक फिल्म तिने खिडकीतल्या उजेडात धरली आणि म्हणाली, "नीळ विरघळवून घातली नाहीस. बादलीत तशीच टाकलीस की धोतराला असेच ठिपके पडतात." मी तिला समजावून सांगितलं, की हा अतिशय गुंतागुंतीचा प्रश्न आहे. तेवढंच ना, अशा चेहऱ्याने ती आत निघून गेली.

एका परदेशी निबंधात बाईंनी वाचलं, की कॅथोडवर मखमल लावली तर इलेक्ट्रॉन सगळीकडून सारखे सुटतात. मखमलीच्या लवेचा एकेक केस सुईसारखा उभा असतो आणि प्रत्येक केस आपला वाटा देतो. बाई खूश झाल्या. अमावास्येला, सर्वपित्रीच्याच दिवशी, बाहेरगावची समिती येणार होती. फिल्मवरचा डाग एकसारखा दिसला तर आत्याबाई राहणार, नाहीतर कपॅसिटर दुसऱ्या संस्थेला आणि हौद भंगारात, असं लेखी आलेलं. हातात दहा दिवस होते.

"उद्या मखमल आण," बाई म्हणाल्या.

घरी येऊन सांगितलं तर आईने हातातली चाळण खाली ठेवली. "पितृपक्षात नवं कापड? नोकरी कायम व्हायचीय ना तुझी?"

आता मी पडलो मधला माणूस. बाईंना नाही म्हणायची हिंमत नाही आणि आईलाही नाही. अशा माणसाला सुचतं तेच मला सुचलं. माळ्यावर गणपतीच्या मखराची लाल मखमल होती, तीन वर्षं वापरलेली. म्हणजे नवी नाही. आईलाही पटलं. "देवाच्या पाठीमागे होती," म्हणाली, "वाईट करणार नाही." फक्त घडी घालून ठेवल्यामुळे तिच्यावर आडव्याउभ्या चुण्या पडल्या होत्या. आता एवढ्या मोठ्या प्रयोगाला चुरगळलेलं कापड न्यायचं? पुण्यात वाढलेला माणूस आहे मी. आमच्याकडे हातरुमालालाही इस्त्री असते. त्या रात्री नाही, सकाळी उठून, चहा घ्यायच्या आधी, मी मखमल टेबलावर अंथरली आणि सरळ वरून इस्त्री फिरवली. एका ठिकाणी चुणी हट्टी होती, तिथे इस्त्री जरा दाबून धरली. इकडे-तिकडे बघून घेतलं. आपण किती नीटनेटके, असं मनात येऊन गेलं, तेही कबूल करतो.

मखमल चकतीवर बसवली, आत्याबाई दोन मिनिटं गप्प बसल्या, धाडकन बोलल्या. फिल्म काढली.

ठिपके गेले होते. सगळीकडे सुंदर निळं, पावसाळ्यानंतर सिंहगडाच्या बाजूला दिसतं तसं. आणि त्याच्या ऐन मध्यावर एक फिकट, लांबट डाग, होडीसारखा.

बाईंनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "वेटोळं सरकलंय," म्हणाल्या. पुढचे दोन दिवस त्या स्वतः ते वेटोळं सोडवून पुन्हा गुंडाळत होत्या. माझ्याकडे हिशेबाचं काम दिलं. वेटोळं नेमकं किती सरकलं तर नेमकी अशी होडी उमटेल, यावर मी आठ पानं गणित केलं, आणि सांगायला लाज वाटते, ते जुळलंसुद्धा. वेटोळं परत बसलं, धडाका झाला, फिल्म निघाली. होडी जागच्या जागी.

फिल्म वहीत घालून मी घरी आणली. तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि माझं काम नेमकं काय आहे हे शुभदाने अजून विचारलं नव्हतं. मी सांगेन म्हणून विचारत नव्हती असं ती आता म्हणते. वही आवरताना फिल्म तिच्या हातात आली.

"अहो, ही इस्त्री कुणी ठेवली?"

"कुठली इस्त्री?"

"ही काय. आपलीच आहे. हे बघा ना टोक."

आमच्या इस्त्रीचं टोक मोडकं होतं. मुंजीत भेट आलेली इस्त्री, मीच कधीतरी पाडली होती. फिल्मवरच्या होडीचं टोक तसंच, डावीकडे तिरकं तुटलेलं. लव चपटी झाली होती तिथून इलेक्ट्रॉन सुटलेच नव्हते. करोडो इलेक्ट्रॉनांनी मिळून माझ्या घरच्या इस्त्रीचा फोटो काढला होता. शुभदा इतकी हसली की आई बाहेर आली, आणि कळल्यावर आईने एवढंच म्हटलं, "मखमलीला कुणी वरून इस्त्री करतं का रे?" आणि तिच्याच्याने राहवेना म्हणून, "आठ पानं गणित केलंस?"

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. तारेने कापलेली दहाही बोटं बाईंनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "चूक माझी. मला शास्त्रज्ञ हवा होता, मी धोबी निवडला. जा, नवी मखमल आण. आजच्या आज."

"बाई, पितृपक्ष..."

"माझे पितर कोपऱ्यात अंधार बघून खूश होणारे नव्हते. तुझे असतील तर त्यांची परवानगी काढ."

मी निघालो. रविवार पेठेतल्या दुकानदाराने मखमल फाडताना विचारलं, "गणपती तर गेले. कुणासाठी?" मी म्हटलं, "आत्याबाईंसाठी." "वारल्या?" "अजून नाही." त्याने जास्तीची बोटभर मखमल दिली.

मखमल घेतली पण लावायची कशी? बाईंनी पत्ता दिला होता. कसबा पेठेत, भांड्यांच्या ठोक्यांचा आवाज संपतो त्या गल्लीत, रशीदभाई बसायचे. सराफांच्या दागिन्यांच्या डब्यांना आतून मखमल लावणं हा त्यांचा घरचा धंदा, आजोबांपासून. खोली एवढीशी, सगळीकडे लाल-निळ्या-हिरव्या मखमलीचे तुकडे आणि सरसाचा उग्र वास. एरवी त्यांना मान वर करायला फुरसत नसे. त्या दिवशी ते चक्क वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"तुमच्या पितरांची कृपा," म्हणाले. "पंधरा दिवस सोनं खपत नाही, मग डब्या कशाला लागतील? वर्षातून एवढीच सुट्टी मला. बसा. काय काम काढलंत?"

मी फिल्म दाखवली आणि आधीची चकतीही. त्यांनी चकती तिरकी करून लवेवर फुंकर घातली, जशी आपण जखमेवर घालतो.

"कुणी केलं हे?"

"मी."

"नोकरी कुठं करता?"

मी सांगितलं.

"सरकार पगार देतं?" रशीदभाईंनी मान हलवली. "देऊ दे, देऊ दे."

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली, आणि तीन दिवस मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो. मखमल पाठीवरून कापायची, लवेवरून नाही. चिकट लावायचं ते चकतीला, कापडाला नाही, आणि तेही इतकं पातळ की आपलं बोट त्यात दिसावं. जास्त झालं की ते कापडातून वर येतं आणि लवेची मुळं घट्ट धरून ठेवतं. बाईंनी दिलेलं दोन नळ्यांतलं चिकट त्यांनी हुंगून पाहिलं. "वास नाही याला. मग हे धरणार कसं?" तरी लावलं. कापड बसवल्यावर त्यावरून हात फिरवायचा नाही, नुसते मऊ ब्रशचे ठोके द्यायचे. शेवटी किटलीच्या वाफेवर चकती उलटी धरायची, म्हणजे पडलेले केस उठून उभे राहतात. पहिल्या दोन चकत्या मी बिघडवल्या. तिसरी त्यांनी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेऊन गोल फिरवली आणि मधल्या भागाकडे न बघता कडेकडे बघत राहिले.

"मध्य सगळेच नीट लावतात," म्हणाले. "डबी उघडली की बाईची नजर आधी कडेला जाते. तिथं धागा सुटलेला दिसला की ती समजते, सोनंही असंच असणार."

ती चकती आम्ही चढवली. अमावास्येला दोन दिवस उरले होते. धडाका झाला, फिल्म निघाली, आणि बाईंनी ती खिडकीत धरली. एकसारखं निळं. मधे होडी नाही, ठिपके नाहीत. आईने नीळ घातलेल्या धोतरासारखं, आणि हे मी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आईंना आधीच का नाही आणलंस?" मग त्यांचं बोट वरच्या उजव्या कोपऱ्याशी थांबलं. तिथे जरासं फिकट होतं. नळीच्या जोडणीमुळे चुंबकाच्या रेघा तिथे वाकत होत्या. ते काढायचं तर सगळं यंत्र उघडायला लागलं असतं.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, आनंदाने आले. वाईट माणूस नव्हे. सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटणारा, म्हणूनच घाबरट. फिल्म बघून म्हणाले, "बाई, वाचलो. नऊ ठिकाणची मापं घेतलीत ना? सरासरी फार छान येते. सरासरीच द्या. तो कोपरा आणि ती इस्त्रीची भानगड अहवालात कशाला?"

बाई स्टुलावर बसल्या होत्या. "साहेब, परवा तुमच्याकडे श्राद्ध झालं. किती पानं होती?"

"नऊ. का?"

"आठ पानांवर भरपूर वडे वाढले आणि नवव्यावर काहीच नाही. सरासरी छान येते. नवव्या गुरुजींना तुम्ही सरासरी वाढणार?"

"बाई, तुमचं यंत्र जाईल."

"जाऊ दे. पण कोपऱ्यात पुर्जा ठेवणाऱ्याला मी फसवणार नाही. कोपरा अहवालात जाणार." मग माझ्याकडे वळल्या. "इस्त्रीची फिल्म तुझी आहे. ती लावायची की नाही, तू ठरव. मी सांगणार नाही."

ही शिक्षा होती की सूट, मला अजून कळलेलं नाही. साहेबांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अजून कायम व्हायचायस," म्हणाले. "फाईल माझ्याकडेच येते." धमकीही नव्हती ती. खरंच काळजी होती.

घरी येऊन मी अहवालातलं ते पान तीनदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, 'मखमलीवर काही कारणाने दाब आल्याने'. दुसऱ्यांदा लिहिलं, 'हाताळणीतील त्रुटीमुळे'. शुभदा शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, "कुणाच्या हाताळणीतील?"

"माझ्याच की."

"मग तसं लिहा ना. त्रुटी काय त्रुटी! नाव नसलेली चूक उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडते. बाईंची बोटं बघितलीत ना?"

बोटं मी बघितली होती. तिसऱ्यांदा लिहिलं: 'हा डाग घरगुती इस्त्रीचा आहे. मखमलीवर वरून इस्त्री फिरवली. चूक माझी.' खाली नाव घातलं, सही केली आणि फिल्म चिकटवली. आयुष्यात इतकं छोटं आणि इतकं खरं मी पुन्हा काही लिहिलेलं नाही.

अमावास्येचा दिवस. गावात सगळीकडे पानं मांडलेली, गच्च्यांवर माणसं कावळ्यांना हाका मारताहेत, आणि आम्ही एका लांब टेबलापाशी पाच गंभीर चेहऱ्यांसमोर उभे. समितीचे अध्यक्ष उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ. पानं उलटत उलटत माझ्या पानापाशी थांबले. साहेब छताकडे बघत होते. मी उठून उभा राहिलो आणि कुणी विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं: मखर, चुण्या, चहाच्या आधीची सकाळ, आठ पानं गणित. मध्ये कुठेही थांबलो नाही. थांबायचंच नव्हतं मला. दहा दिवस सगळ्यांच्या मर्जीने वागून मी काय मिळवलं होतं? एक होडी.

अध्यक्षांनी फिल्म उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"टोक कशाने मोडलं?"

"पडली होती, सर. माझ्याच हातून."

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी हसलं, मग सगळेच. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "ज्या झोतात इस्त्रीचं मोडकं टोक ओळखू येतं," म्हणाले, "तो झोत बराच आटोक्यात आलाय म्हणायचा." मग पान उलटलं. "आणि हा कोपरा?"

"तिथे काही ठेवायचं नाही," बाई म्हणाल्या. "चौकटीवर लाल रंग लावलाय. जोवर मी सांगत नाही तोवर तो तसाच राहील."

त्यांनी शेरा लिहिला तो एका ओळीचा: यंत्र चालू ठेवावे, लाल कोपरा वगळून. कौतुकाचा एक शब्द नाही. माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं, ते आईने सरळ पितृपक्षाच्या खात्यावर टाकलं. "नवं कापड घेतलंस ना?" मी वाद घातला नाही. पण त्या दिवशी येताना मंडईजवळ थांबून मी मुद्दाम एक नवा कुंचा घेतला, हातात मिरवत आणला आणि दारात उभा केला. ती पहिली खरेदी.

संस्थेत मला निवृत्त होईपर्यंत 'इस्त्री' म्हणत. नवी पोरं आडनाव समजून अर्जावर लिहायची. आत्याबाई पुढे बरीच वर्षं धडाडत राहिल्या. बाईंनी लाल कोपरा पुढच्याच वर्षी काढला, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात, यंत्र उघडून. बाई गेल्या त्यालाही आता काळ लोटला. त्यांच्या मागे पान वाढायला कुणी नाही, आणि असतं तर त्यांनी ते आधी मोजून बघितलं असतं. मी पान वाढत नाही. नवी वस्तू घेतो.

तर यंदाची इस्त्री घरी आणली तेव्हा मुक्ता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मुक्ता आमची मुलगी. हिंजवडीला असते, कंपनीच्या बसमधून परत येईपर्यंत तिचा चेहरा रोजच चुरगळलेला असतो, पण आज जास्त होता. अँब्युलन्सला कुठल्या रस्त्याने जायचं ते सांगणारी काहीतरी प्रणाली ते लोक करतात.

"बाबा, रिपोर्टमध्ये ॲव्हरेज द्या म्हणतायत. ॲव्हरेज एकदम मस्त येतं. पण लोणी काळभोरच्या पुढे गेलं ना, की गाडी पोचतच नाही वेळेवर. शिवाय तिकडचा डेटा चुकीचा जोडला गेलाय, आणि तो मीच जोडला होता. बॉस म्हणतो, कशाला काढतेस आता, उद्या डेमो आहे."

शुभदाने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं. मी कपाट उघडलं. सगळ्यात खाली, काळ्या कागदात, समितीने अहवालासोबत परत केलेली ती फिल्म. इतकी वर्षं मी ती अंधारात जपली आहे, कारण उजेड लागला की तीही हळूहळू निळी होत जाते. जन्मभर ज्या एकसारखेपणासाठी झटलो, तो इथे मात्र मला नको आहे. फिल्म एकसारखी झाली की होडी बुडाली.

मुक्ताने गोष्ट लहानपणी ऐकलेली, पण फिल्म बघितली नव्हती. तिने बोटाने मोडक्या टोकावरून रेघ ओढली.

"खाली सही केली होतीत?"

"नावासकट."

"आणि मग सहा महिने..."

"हो. सहा महिने."

मुक्ता उठली, तिने लॅपटॉप उघडला, आणि फिल्म काळ्या कागदात न गुंडाळता तशीच बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

"अगं, उजेडात काढू नकोस, डाग जाईल."

"उद्या मीटिंगमध्ये दाखवणारे."

"तिथे केवढे दिवे असतात! एका दिवसात सगळी निळी होईल."

"होऊ दे निळी, बाबा," मुक्ता टाइप करता करता म्हणाली. "आधी दिसू तर दे."